आधी ट्रम्पेट, मग थाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत आम्ही सहा जण दर रविवारी सकाळी एकत्र वाजवतो. दोन ट्रम्पेट, एक कॉर्नेट, एक युफोनियम, दोन ट्रॉम्बोन, सगळी फुंकायची पितळी वाद्यं. सगळे हौशी. एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका, एक दातांच्या डॉक्टरीणबाई, एक बी. कॉम.ला असलेली मुलगी, बाकी आम्ही नोकरदार. महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाजवून झालं की सगळे ठाण्याला थाई जेवायला जातो. ही प्रथा कशी पडली ते कुणालाच नीट आठवत नाही. बहुधा त्या दिवशी नेहमीच्या उडप्याकडे फार रांग होती.

नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात तेच ते प्रश्न विचारतो. दर वेळी फोनवर टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उत्तरं माझी आहेत. युफोनियमवाल्या काकांची मतं वेगळी आहेत आणि ती ते स्वतः सांगतील, न विचारता.

आधी वाजवायचं की आधी जेवायचं?

आधी वाजवायचं. यात मतभेद नाही, काकांचासुद्धा नाही.

क्लॅरिनेटला पत्ती असते, सनईला असते, पेटीलाही आत पितळेच्या पट्ट्या असतात. ट्रम्पेटला काहीच नसतं. इथे पत्ती म्हणजे तुमचेच ओठ. माउथपीसच्या, म्हणजे ओठांना लावायच्या वाटीच्या, सोळा-सतरा मिलिमीटरच्या वर्तुळात ते थरथरतात आणि पुढच्या जवळजवळ दीड मीटर नळीतली हवा त्या थरथरीला सूर देते. मधल्या सप्तकातला साधा ‘सां’ लावताना ओठ सेकंदाला सुमारे 466 वेळा उघडझाप करतात. आणि याच ओठांवरून तुम्ही दुपारी हिरव्या मिरचीचा रस्सा पोटात पाठवणार असता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही क्रम उलटा केला होता. एका सोसायटीच्या गणपतीत आरतीला साथ करायची होती, हॉल तीन वाजताच मिळत होता, म्हणून एक वाजता जेवून घेतलं. तीन वाजता पहिला सूर लावला तेव्हा माझा ओठ माझा नव्हताच. सूर लागायचा, पण मध्येच फाटायचा, जुन्या चादरीसारखा. शेजारी ट्रॉम्बोनवाला खालच्या सुरावर श्वास घ्यायला जाई आणि अर्ध्यातच अडके, कारण पोटात भात गच्च भरलेला, श्वासपटलाला खाली उतरायला जागाच नाही. काकांनी एका लांब सुराच्या मध्यावर जो ढेकर दिला तो युफोनियममधून बाहेर आला. सूर बरोबर होता, असं ते अजून म्हणतात.

तिखटाने ओठांना नेमकं होतं काय? सूज येते का?

मिरचीत कॅप्सेसिन असतं. आपल्या चेतातंतूंवर उष्णता ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) आहेत, साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला पाठवतात. कॅप्सेसिन नेमकं त्यांनाच जाऊन चिकटतं. म्हणजे भाजलेलं काहीच नसतं, निरोप मात्र भाजल्याचा जातो. हा ग्राहक 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. निरोप गेला की रक्त तिकडे धावतं, ओठ लाल होतात, थोडे फुगल्यासारखे वाटतात.

एरवी याने काही बिघडत नाही. पण ट्रम्पेटवाल्याला माउथपीस ओठांवर कुठे टेकलाय हे केसाएवढ्या अचूकतेने कळावं लागतं. ते कळेनासं झालं की माणूस काय करतो? दाबतो. सूर लागत नाही म्हणून माउथपीस आणखी दाबतो, त्याने ओठाचं रक्त अडतं, सूर आणखी बिघडतो. वाजवणं थांबवल्यावर ओठावर गोल वण उठतो, तो बघून घरचे विचारतात, कुठे धडपडलात. तिखट उतरायला माझ्या ओठांना पाऊण तास लागतो. तुमचा वेळ तुम्हीच मोजा.

थायलंडमधली ती बारकी मिरची आपल्या लवंगीच्या नात्यातली. तिला तिकडे ‘फ्रिक खी नू’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘उंदराच्या लेंडीएवढी मिरची’. तिखटपणाच्या स्कोव्हिल मोजमापात ती 50 हजार ते 1 लाखाच्या घरात जाते. कोल्हापूरचा आहे, मला काही होत नाही, असं सांगणारा एक ट्रॉम्बोनवाला आमच्यात आहे. त्याला होतं. तो फक्त बोलत नाही.

मग वर गार पाणी प्यायचं का?

उपयोग नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते तोंडभर पसरतं एवढंच. दूध, दही, ताक चालतं. थाई ठिकाणी ताक कुठून मिळणार, तर आटवलेलं गोड दूध घातलेला केशरी रंगाचा गार चहा मिळतो, ‘चा येन’, तो मागवा. किंवा मुकाट कोरा भात खा. भाताची किंमत तिथेच कळते.

जेवून लगेच वाजवावंच लागलं तर? सुपारी असते, आपल्या हातात थोडंच असतं.

हा प्रश्न लग्नाच्या बॅण्डमध्ये वाजवणारी मंडळी विचारतात आणि त्यांचं खरंच हातात नसतं. तेव्हा मेन्यूतूनच काळजी घ्या. मासामान (सौम्य थाई रस्सा) मागवा, वाफवलेला मासा मागवा, साधा भात. पपईचं सॅलड नको. फिश सॉस नको, कारण मिठाने ओठ कोरडे पडतात. सोड्याच्या बाटल्या नकोत, ढेकर कधी येईल सांगता येत नाही (वर पाहा). जेवल्यावर दात घासा, निदान खळखळून चूळ भरा. ओठ ओल्या रुमालाने टिपा, चोळू नका. मग नुसत्या माउथपीसवर दोन-तीन मिनिटं हळू आवाजात गुणगुणा आणि खालच्या सुरांपासून सुरुवात करा. वरचे सूर शेवटी. ‘बहारो फूल’ पहिल्याच गाण्याला मागितलं तर जोडीदाराला पुढे करा.

मेन्थॉलचं मलम लावून वाजवायला बसू नका. त्याने ओठ बधिर होतात आणि ज्याची भीती होती तेच होतं.

गोड खाल्लं तर? त्याने तर ओठ जळत नाहीत.

ओठ जळत नाहीत, वाद्य मरतं. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण यात आमचा खर्च झालाय.

आमच्या गटातल्या मुलीने, ती कॉर्नेट वाजवते, मागच्या मे महिन्यात आंबा आणि चिकट भात खाल्ला. नारळाच्या दुधात साखर-मीठ घालून मुरवलेला तो भात, वर हापूस नव्हे पण बरा आंबा. त्यावर गार चहा. मग एका नातेवाइकाच्या वाढदिवसाला जाऊन तासभर वाजवलं, चूळही न भरता. वाद्य पेटीत ठेवलं ते पंधरा दिवसांनी काढलं. दुसरा व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायला दाबतात ते मधलं बटण, खाली गेला तो वर आलाच नाही. दाबून धरल्यासारखा तिथेच. तिने तो जोर लावून ओढला (हे कधीही करू नका) आणि पिस्टनवर, म्हणजे बटणाखालच्या दांड्यावर, बारीक ओरखडा उमटला.

उघडल्यावर आत जे दिसलं ते सांगायला नको, पण सांगतो. नळीच्या आतल्या बाजूला हिरवट-तपकिरी, बुळबुळीत थर. फुंकेबरोबर जी वाफ आणि लाळ आत जाते त्यात साखर असली की ती भिंतींना चिकटते, त्यावर बाकीचं सगळं वाढतं. पिस्टन आणि त्याच्या नळकांड्यामध्ये जागा केसापेक्षाही कमी असते. तिथे साखरेचा पाक गेला की संपलं.

स्वच्छ करायची पद्धत साधी आहे. टबात कोमट पाणी घ्या, कढत नको, कढत पाण्याने वरचं लॅकर (चकचकीत लेप) सुटतं. भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. व्हॉल्व्ह काढून बाजूला ठेवा, कुठला पहिला, कुठला तिसरा हे विसरू नका, त्यांच्यावर आकडा कोरलेला असतो. वरच्या टोकाला असलेला नमदा भिजवू नका. स्लाइड (ओढून निघणाऱ्या नळ्या) काढा, लांब लवचीक ब्रश नळीतून फिरवा. पाणी काळं येईल, घाबरू नका. वाळवा, स्लाइडना ग्रीस, व्हॉल्व्हना तेल. खोबरेल नाही. शिलाई मशिनचंही नाही. व्हॉल्व्हचं तेल वेगळं मिळतं. आम्ही हे महिन्यातून एकदा करतो, आंब्याच्या दिवसांत दोनदा.

पितळेवर आतून गुलाबी ठिपके दिसायला लागले तर मात्र दुरुस्तीवाल्याला दाखवा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यातलं जस्त निघून गेलं की तांब्याचा गुलाबी रंग उरतो आणि तिथे नळी पोखरली जाते.

वाजवताना मध्येच नळीतून थुंकी काढता, ते फार घाण दिसतं.

ती बहुतांशी थुंकी नसते. गरम श्वास गार पितळेला लागून पाणी होतं, हिवाळ्यात बसच्या काचेवर होतं तसं. ‘पाण्याची चावी’ दाबून ते सोडावं लागतं, नाहीतर सुरात गुळगुळ ऐकू येते. दुसऱ्याच्या चपलेवर सोडू नये, एवढंच पथ्य.

घरी रियाज कसा करायचा? शेजारी तक्रार करतात.

करणारच. ट्रम्पेट खोलीत सहज 90 डेसिबलच्या वर जातो आणि रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते, पण दुपारी 2 ते 4 ही डोंबिवलीतली खरी शांततेची वेळ कुठल्याही नियमात लिहिलेली नसली तरी जास्त कडक आहे.

प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, घ्या. बेलमध्ये (पुढच्या कर्ण्यात) बसवला की आवाज शेजारच्या खोलीतल्या टीव्हीएवढा होतो. तोटा हा की हवा अडते आणि त्या अडणीची सवय लागते. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी उघडं वाजवा. मी खाडीकडे जातो. तिथे तक्रार फक्त कुत्रे करतात.

किती वेळ, असंही सगळे विचारतात. सुरुवातीला वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. सलग तास नको. जितका वेळ वाजवलं तितका वेळ थांबायचं, ओठ म्हणजे शेवटी स्नायू. आधी लांब सूर, एकेक सूर आठ-दहा मात्रांचा, हळू सुरू करून हळू संपवायचा. गाणी नंतर.

मग व्हॉल्व्हला हात न लावता नुसत्या ओठांनी सूर बदलायचा सराव. एकही बटण न दाबता ट्रम्पेटमधून सा, प, सां, गं, पं एवढे सूर निघतात, निसर्गानेच दिलेले. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण लहानपणी तंबोऱ्याशेजारी बसून मी हाच क्रम ऐकला होता, खर्जात लपलेला गंधार. बाकीचे सूर व्हॉल्व्हने मिळतात. दुसरा अर्ध्या सुराने खाली नेतो, पहिला पूर्ण सुराने, तिसरा दीड सुराने. तीन बटणांत सगळं सप्तक बसतं यावर सनईवाल्याचा विश्वास बसत नाही.

वय 45 आहे. आता जमेल का? पुढचा एक दात कॅपचा आहे.

जमेल. मी 41 व्या वर्षी सुरू केलं. दाताबद्दल आमच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं : कॅप पक्की असेल तर अडचण नाही, पण पुढच्या दातांचं काही नवीन काम काढणार असाल तर आधी दंतवैद्याला सांगा की मी ट्रम्पेट वाजवतो. दाताची कड अर्ध्या मिलिमीटरने बदलली तरी वाजवणाऱ्याला कळतं. कवळीवाले युफोनियम किंवा ट्यूबाकडे वळतात, माउथपीस मोठा असतो, दाब कमी लागतो.

वाद्य कुठून घ्यावं?

मुंबईत धोबी तलावाजवळ वाद्यांची जुनी दुकानं आहेत, तिथे हातात घेऊन बघता येतं. लग्नाच्या बॅण्डमधली बरीचशी पितळी वाद्यं मेरठच्या जली कोठी भागात बनतात, तिथे हा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. स्वस्त असतात, आवाज मोठा असतो, सूर कधी कधी बघून घ्यावा लागतो. शिकायला जुनं पण चांगल्या बनावटीचं घ्या. व्हॉल्व्ह काढून बघा, फुंकून बघा, स्लाइड ओढताना ‘पॉप’ आवाज येतो का बघा. आला तर हवा धरून आहे.

जेवायला जाताना वाद्य गाडीत ठेवलं तर चालेल?

नाही. उन्हात बंद गाडी तापते, ग्रीस पातळ होऊन व्हॉल्व्हमध्ये उतरतं आणि चोरीचं तर सोडाच. पेटी टेबलाखाली, स्वतःच्या पायांमध्ये. ट्रॉम्बोनच्या पेटीला आमच्याकडे वेगळी खुर्ची मागतात, वेटर तिच्यासमोरही पाण्याचा ग्लास ठेवून गेला होता एकदा.

पहिल्यांदाच थाई खातोय. काय मागवू?

थाई जेवणात सूप, मग स्टार्टर, मग मुख्य जेवण असा क्रम नसतो. सगळं एकदम येतं, टेबलाच्या मध्ये ठेवतात आणि सगळे मिळून खातात. आपल्या ताटात भात, त्यावर एका पदार्थाचे एक-दोन चमचे घ्यायचे, ते संपले की दुसऱ्याचे. आपण ताटात सगळं वाढून घेतो तसं केलं की चवी एकमेकींत बुडतात. सहा जणांना पाच पदार्थ पुरतात. आंबट, तिखट, गोड, खारट असं सगळं टेबलावर यायला हवं, पाचही पदार्थ नारळाच्या दुधातले मागवले तर चूक तुमची.

‘तॉम याम’ घ्या. कोळंबीचा तॉम याम 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. त्यात गवती चहाचे तुकडे, मक्रुत लिंबाची पानं आणि एक आल्यासारखी चकती तरंगते. ही तिन्ही खायची नसतात, ती वासासाठी. काकांनी पहिल्या वेळी गवती चहाची कांडी उसासारखी दहा मिनिटं चावली आणि शेवटी रुमालात गुंडाळून खिशात टाकली, मागे टाकणं अपमान होईल म्हणून.

ती आल्यासारखी चकती म्हणजे ‘खा’, आपलं कुलिंजन. घसा बसला की काष्ठौषधीच्या दुकानातून आणून तोंडात धरायला गाणारे लोक सांगतात तेच. फरक एवढाच की आपल्याकडे ते वाळलेलं येतं, तिकडे ताजं. वासाने लगेच ओळखाल.

‘पाड थाई’ सगळ्यांना आवडतं, कारण त्यात चिंच आहे, गूळ आहे (ताडाचा) आणि वरून शेंगदाण्याचा भरडा. चिंच-गूळ-दाण्याचं कूट. आमटी करताना रोज हात जातो त्या तीन बरण्या, फक्त खाली तांदळाच्या शेवया. हा पदार्थ प्राचीन वगैरे नाही. फिबुनसाँग्क्राम नावाच्या पंतप्रधानांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या काळात तो राष्ट्रीय पदार्थ म्हणून लोकांच्या गळी उतरवला.

मासामान हा आपल्या माणसासाठी सुरक्षित. दालचिनी, वेलदोडे, लवंग, बटाटा, दाणे. इराण-हिंदुस्थानाकडून गेलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची छाप त्यात दिसते. हिरव्या करीचं नाव ‘गेंग खियाव वान’. ‘वान’ म्हणजे गोड, पण तो शब्द त्या कोवळ्या हिरव्या रंगाला लागतो, चवीला नाही. नाव ऐकून गोड समजून मागवणाऱ्यांची यादी मोठी आहे.

आणि ‘सोम ताम’. कच्च्या पपईचा कीस, लसूण, मिरची, लिंबू, वाळकी कोळंबी, दाणे, सगळं खलबत्त्यात. ‘ताम’ म्हणजे कुटणं. हा मूळचा ईशान्येकडच्या इसान भागातला आणि लाओसचा, चिकट भाताबरोबर खातात. आमच्या ठिकाणी काउंटरमागे एक बाई उभी राहून तो करते. कुटण्याचा तो टक-टक-टक आवाज एका लयीत चालतो, मध्ये चमच्याने ढवळताना एक खाली जागा, पुन्हा टक-टक. आमची डॉक्टरीणबाई टेबलावर बोटांनी मोजत बसते. सात मात्रा, ती म्हणते. मला सहा वाटतात.

एक पदार्थ मी घरी सांगितलेला नाही. ‘पाड क्राफाव’, खिमा आणि मूठभर पानं परतून, वर तळलेलं अंडं. ती पानं तुळशीची आहेत. तीच, वृंदावनातली, दुसरी कुठली नाही. मला फार आवडतो. आईने हे वाचलं तर बघू.

मी शाकाहारी आहे. काय खाऊ?

‘शाकाहारी आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, आम्हाला ‘व्हेज ग्रीन करी’ म्हणून आलेल्या वाडग्यात मांस नव्हतं हे खरं, पण वाटणात ‘कापी’ होती. कापी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, कोकणातल्या माणसाला जवळ्याच्या वासावरून लगेच कळतो. आमच्या ट्रॉम्बोनवाल्याच्या बायकोने चार घास खाल्ल्यावर मी ओळखलं. गप्प बसावं की सांगावं, हा प्रश्न पडला. सांगितलं. तो रविवार तिथेच संपला.

तेव्हा तीन गोष्टी नावं घेऊन विचारा : फिश सॉस घातलाय का, वाटणात कोळंबी आहे का, ऑयस्टर सॉस आहे का. वाटण तयार डब्यातलं असेल तर डबा दाखवा म्हणा, लाजू नका.

थायलंडला गेलात तर ‘जे’ हा शब्द पाठ करा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर, ते दिसलं की त्या ठिकाणी मांस-मासे-अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. तिकडे चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस हे व्रत पाळतात, बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्या आसपास. चातुर्मास पाळणाऱ्याची तिथे सोय होते. कंदमूळ न खाणाऱ्या जैन मंडळींनी मात्र बटाट्याचं वेगळं विचारावं.

तिखट कमी करा, हे कसं सांगायचं?

ठाण्यात मराठीत. बँकॉकमध्ये ‘माइ फेत’, म्हणजे तिखट नको. ‘फेत नित नॉय’, म्हणजे अगदी थोडं तिखट. तरी तिखट येईल, त्यांच्या हिशोबाने ते थोडंच असतं. टेबलावर चार वाट्या असतात, साखर, मिरचीपूड, मिरचीचं व्हिनेगर, मिरची घातलेला फिश सॉस. त्या सजावटीच्या नाहीत, आपापलं जुळवून घ्यायला असतात.

चॉपस्टिक येत नाहीत.

लागत नाहीत. थाई माणूस भात चमच्याने खातो, डाव्या हातातल्या काट्याने घास चमच्यात ढकलतो. काटा तोंडात घालत नाहीत. चॉपस्टिक शेवयांच्या सूपपुरत्या. चिकट भात तर हातानेच, लाडू वळून.

थाई जेवण आणि पितळी वाद्यं, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, की तुम्हीच ओढूनताणून जोडलंय?

जोडलंय आम्हीच. पण संबंध निघाला.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, 1511 मध्ये, त्यांचा दूत सयामच्या (म्हणजे थायलंडच्या) अयुथ्थयेला पोचला. अमेरिकेतली मिरची त्या शतकात त्यांच्याच व्यापारातून इकडेही आली आणि तिकडेही गेली. म्हणजे त्याआधी ना ठेचा होता, ना आजचा तिखट तॉम याम. गोव्यात त्याच राजवटीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली गेली, आणि त्या परंपरेतून आलेले गोवेकर वादक पुढे मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत भरले. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करत. त्यांचा ट्रम्पेट ऐकून मी शिकायला लागलो.

तिकडचं बघा. थायलंडच्या खेड्यांत ‘त्रे वोंग’ नावाचे बॅण्ड असतात. ‘त्रे’ म्हणजे तुतारीसारखं फुंकायचं वाद्य, ‘वोंग’ म्हणजे ताफा. मुलगा भिक्खू व्हायला निघाला की त्याची मिरवणूक निघते, पुढे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ढोल, आणि नातेवाईक नाचतात. आपल्या वरातीतून नवरदेव काढून मुंडन केलेला मुलगा बसवा, चित्र तेच. आणि त्यांचे राजे भूमिबोल अदुल्यदेज, 2016 मध्ये वारले ते, जॅझचे पक्के वेडे. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट वाजवायचे, ट्रम्पेटही. 1960 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना तिथला क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन याच्याबरोबर बसून वाजवलं होतं त्यांनी. राजाने जेवणाआधी वाजवलं की नंतर, हे काका दर वेळी विचारतात.

आणखी एक. थाई लोक भेटले की ‘किन खाव रू यांग’ विचारतात. शब्दशः ‘भात खाल्लास का?’ आपलं ‘जेवण झालं का?’ जसं, उत्तराची फारशी अपेक्षा नसते.

पुढच्या रविवारी येऊ का? काय काय आणू?

या. सकाळी आठ. उपाशीपोटी येऊ नका, थोडे पोहे खाऊन या, मिरच्या बाजूला काढून. दात घासलेले असावेत. लिपस्टिक लावणार असाल तर ती वाजवून झाल्यावर. व्हॉल्व्हचं तेल आमच्याकडे आहे, स्वतःचा माउथपीस मात्र स्वतःचाच, कुणाचा उसना मिळणार नाही. जेवणाचं बिल समान वाटून, कोळंबी खाणारे पन्नास रुपये जास्त देतात, हा जुना ठराव आहे. रुमाल दोन आणा. एक ओठांना, एक पाण्याच्या चावीखाली. जेवायला बसताना कुठला कुठला ते लक्षात ठेवा.